थोरल्या पेटीच्या वारसाची चौकशी

श्री सहा तारा सप्त सूर प्रसन्न. ज्यानें पोकळ लाकडांत नाद ठेविला त्यास आधीं दंडवत, आणि तो नाद ज्या कानांनीं जन्मभर जपिला त्या कानांस मागाहून दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मास चालतां राज्यांत वारसाचा मोठा कज्जा उत्पन्न जाहला, आणि त्या कज्ज्यांत इनास बारदेसकर यांणीं बेचाळीस वर्षें पोटांत ठेविलेली गोष्ट ओठांवर आणिली, त्याची ही हकीकत.

राज्याचें नांव विचारूं नये. नांव लिहिलें म्हणजे आमचें कीं तुमचें म्हणून भांडणारे चार जण उद्यांच दारीं येतील. राज्य म्हणावें तर त्यास ना कोट ना खंदक; एक टेम्पो, चौदा माणसें, दोन सतरंज्या आणि मखमली पडदा एक, इतकाच पसारा. बाहेरचे लोक त्यास ऑर्केस्ट्रा म्हणत, परंतु आंत असणारांस तें राज्यच होतें. मूळ पुरुष आबासाहेब इंगवले. त्यांणीं शके अठराशें शहाण्णव, आनंदनाम संवत्सरीं सायकलींचें दुकान मोडिलें आणि गळ्यांत अकॉर्डियन घालून राज्य स्थापिलें आणि त्या दिवसापासोन लोक त्यांस सरकार म्हणों लागले. मग सरकार स्वतां मुंबईस गेले आणि विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबापासोन गिटारीची थोरली पेटी घेऊन आले. ही पेटी म्हणजे अँप्लिफायर. कमरेइतकी उंच, उचलावयास चौघे लागत, पुढें स्पीकर आणि आंत कांचेचे दिवे, त्यांस व्हॉल्व म्हणत. बटण दाबतांच बोलेल ती थोरली नव्हे! आधीं दिवे तांबूस व्हावे, मग तापल्या धुळीचा वास सुटावा, मग बारीक हुंकार यावा, तोंवर लोकांनीं शेंगा फोडीत बसावें, आणि मग गिटार वाजविणाऱ्या इनासरावांनीं पहिली तार छेडावी कीं मागील बाकांवरचीं माणसें बोलणें टाकून ताठ बसत. तो आवाज वर्णावा कसा? गोड म्हणावा तर त्यांत किंचित खरखर, आणि खरखर म्हणावी तर ती काळजास गुदगुल्या करणारी. रात्रभर गाऊन बसलेल्या बाईचा गळा सकाळीं जसा लागतो तसा. त्या आवाजापायीं लोक बैलगाड्या जुंपून येत, आणि पुढें मोटारसायकली आल्या तरी येतच राहिले.

राज्यांत थोरलीची आण सर्वांत मोठी. थोरलीवर हात ठेवून शब्द दिला म्हणजे तंटा मिटला. आणि खोटी आण घेईल त्यानें राज्याच्या मंचावर फिरून पाऊल ठेवूं नये, ऐसा कायदा सरकारांनीं स्वमुखें केला. कायद्याचें मूळ कारण इतकेंच कीं ढोलकी व ड्रम वाजविणारे बाबालाल मुल्लाणी दर खेपेस उशिरा येत आणि एसटी पंक्चर जाहली म्हणून थाप ठोकीत. कायदा जाहल्यापासोन बाबालाल वेळेवर येऊं लागले. पण कायदा एकदां केला म्हणजे तो कोणाच्या गळ्यांत पडेल हें करणारासही ठाऊक नसतें.

इनासराव गडहिंग्लजकडील किरिस्तांव, बोलणें आम्हां सर्वांसारखेंच, राज्य स्थापतांच वयाच्या चोविसाव्या वर्षीं दाखल जाहले. आणि थोरलीचा वैद्य म्हणाल तर सोपान कुंभार, रेडिओ मिस्त्री, अंगानें किडकिडीत, कानावर पेन्सिल, मुखीं पान. पेटीस शिंक आली कीं सोपानांस बोलावणें जाई. काम जाहलें कीं सरकार म्हणत, “बरं हाय, जा आता,” आणि सोपान मागल्या दारानें जात. वर्धापनदिनीं चौदा माणसांस शेले मिळत, पंधराव्यास कधीं मिळाला नाहीं. सोपानांस त्याचें कांहीं वाटत नसे. इनासरावांस वाटे, पण ते बोलले नाहींत. कां बोलले नाहींत तें पुढें येतच आहे.

मग शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरीं श्रावणांत महापूर आला आणि नदी गोदामांत शिरोन पांच दिवस बसली. पाणी ओसरल्यावर दार उघडिलें तों थोरली चिखलांत उताणी, पोटांतील दिवे फुटलेले, लाकूड फुगून आलेलें. सोपान मिस्त्री गुडघाभर गाळांत उभे राहिले आणि पेटीचें मागील फळकूट काढून बघते जाहले आणि पुन्हां तसेंच लाविते जाहले. पुढल्या वर्षीं तेही गेले. मग राज्यांत कीबोर्ड आला. त्याचें एक बटण दाबिलें कीं गिटार, दुसरें दाबिलें कीं सनई, तिसरें दाबिलें कीं कुत्रें भुंके. राज्याच्या गायिका मंदाकिनीबाई म्हणाल्या, “ह्याच्याबरोबर गायचं म्हणजे फोनवर लग्न लावल्यासारखं वाटतंय हो!” आणि इनासरावांनीं गिटार पिशवींत घालोन कपाटावर ठेविली. थोरली नाहीं तर हात लावणें नाहीं, ऐसें म्हणाले. सारे बोलिले, वाहवा, काय ती निष्ठा! इनासराव घरीं बसून त्या पिशवीकडे बघत आणि चहा पीत आणि कधीं कधीं बोटें मांडीवर आपोआप चालत, मग ते मुठी मिटून घेत. सुख सरल्याखेरीज त्याचा हिशेब लागत नाहीं म्हणतात तें खोटें नव्हे. तापल्या धुळीचा वास कोठें आला, इस्त्रीवाल्याच्या टपरीवर म्हणा कीं चुलीपाशीं म्हणा, तरी म्हातारा जागच्या जागीं उभा राही.

ऐसीं पांच वर्षें गेलीं. राज्यास पन्नास वर्षें भरावयाचीं आलीं तेव्हां सरकारांनीं, वय वर्षें चौऱ्याऐंशी, हातीं काठी, दरबार बोलाविला आणि फर्माविलें, “मार्गशीर्षात पन्नास पुरी हुत्यात. थोरलीचा आवाज असंल तर जलसा करायचा. कुत्र्यामांजराच्या बटणावर माझ्या राज्याचा म्होत्सव हुणार न्हाई. आवाज घावला न्हाई तर त्याच दिवशी पडदा गुंडाळायचा, सतरंज्या देवळाला द्यायच्या, आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी.” सर्व मंडळींनीं माना खालीं घातल्या. मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांस पदर गेला.

हें वर्तमान सोपान मिस्त्रींची कन्या वैजयंता हिच्या कानीं गेलें. बाई छत्तिशीची, एका कारखान्यांत यंत्रांची डागडुजी करी, आणि बापाप्रमाणेंच कानावर पेन्सिल. सोपानांनीं थोरलीच्या आंतील तार न् तार काढून ठेविलेली एक वही तिजपाशीं होती. ती वही पुढें ठेवून तिनें तीन महिने खपून एक लहानशी लोखंडी पेटी सिद्ध केली. विटेएवढी, पायानें दाबावयाची, वर तीन खुंट्या. हल्लीचे वाजंत्री तिला प्रीअँप पेडल म्हणतात. आंत एकही कांचेचा दिवा नाहीं, परंतु जुन्या दिव्यांचा जो धर्म, कीं हळू छेडिलें तर मऊ बोलावें आणि जोर लाविला तर चिडावें, तो सगळा धर्म तिनें त्या विटेंत उतरविला होता. गिटारीपासोन निघालेली विजेची तार तिच्यांत घालावी आणि साध्या स्पीकरांतून आवाज काढावा, इतकेंच काम.

मग भाद्रपद वद्य पंचमीस, दुपारीं चौथ्या प्रहरीं, तालमीच्या दिवाणखान्यांत चौकशी भरली. मोठमोठ्या घराण्यांत पूर्वीं तोतये निघाले आणि शहाण्या माणसांनींही त्यांचे पाय धरिले आणि मागून फजीत पावले, म्हणोन सरकारांनीं कडक बंदोबस्त केला. मध्यें मखमली पडदा. पडद्याआड नव्या दमाचे सरदार उदय चौगुले गिटार घेऊन. पडद्याअलीकडे साक्षी तीन, मंदाकिनीबाई, बाबालाल आणि इनासराव. वैजयंताबाई भिंतीशीं हात जोडून उभी. सरकारांनीं काठी आपटिली आणि चौगुल्यांनीं जुन्या सलामीची धून धरिली.

धून सरली. सरकार बोलिले, “बोला बाई.” मंदाकिनीबाई म्हणाल्या, “आवाज चांगला आहे. खोटं कशाला बोलू? पण मला ओळख देत नाही. रस्त्यात तोंडओळखीचं कोण दिसावं आणि नाव आठवू नये, तसं झालंय.” मग बाबालाल म्हणाले, “लई निरोगी हाय बघा सरकार. दूध-तुपातलं वाटतंय. आमची थोरली कशी, जरा...” आणि हातानें हवेंत कांहीं चुरगाळून दाखविलें, शब्द सांपडला नाहीं. मग सरकार इनासरावांकडे वळले. “इन्या, तू सांग. पंचेचाळीस वर्षं तू तिला टेकून हुबा ऱ्हायलास.”

आतां इनासरावांच्या मनाची गोष्ट ऐकावी. पहिला सूर ऐकिला तेव्हांच त्यांच्या अंगावर कांटा आला होता, कारण वीट खरी होती. दिव्यांचा तांबूसपणा, तो हुंकार, तें चिडणें, सगळें जागच्या जागीं. उणें होतें तें एकच, आणि तें काय हें साऱ्या पृथ्वीवर आतां एकट्या इनासरावांस ठाऊक होतें. परंतु ते म्हणाले, “काहीतरी कमी हाय सरकार.” “काय कमी हाय?” “ते... काय सांगता येत न्हाई.” सरकारांनीं सुस्कारा टाकिला आणि काठी दोनदां आपटिली. “मग तोतया. पोरी, तू कष्ट केलंस, मला कळतंय. पर मी चौऱ्याऐंशी वर्षांचा हाय, मला फशिवलेलं आता झेपत न्हाई. उठा. च्या पिऊ आणि पडदा गुंडाळायचा दिवस ठरवू.” आणि सर्व मंडळी खालीं चहास गेली.

वर इनासराव आणि वैजयंताबाई दोघेंच राहिलीं. ती विटेच्या तारा सोडवीत होती आणि गुंतवीत होती. इनासराव बोलिले, “वैजू, बाळ, वाईट वाटून घेऊ नको.” ती म्हणाली, “काका, कमी काय आहे तेवढं सांगा. मी परत करते. शंभर वेळा करते. बाबांनी वहीत सगळं लिहिलंय, स्क्रूसुद्धा मोजलेत. त्यांनी माझ्यापासून कधी काही लपवलं नाही.” मग जराशानें खालीं बघून म्हणाली, “एक सोडून.” इनासरावांनीं विचारिलें, “काय?” ती म्हणाली, “दर संक्रांतीला बाबा एक पतंग आणायचे. लाल नाहीतर जांभळा. मी हात पुढं केला की म्हणायचे, हा तुझा नाही, बेटा. आणि सायकलला अडकवून निघून जायचे. मी खिडकीतून बघत राहायची. मला मोठी होईपर्यंत वाटायचं, बाबांचं दुसरीकडं कुठंतरी पोर आहे. त्याला पतंग देतात. आईलाही कधी विचारलं नाही मी, तिला लागेल म्हणून.”

अरेरे! दर ईस्टरास चर्चांत जाऊन इनासरावांनीं सगळीं पापें पाद्रीबाबांपुढें ओतिलीं होतीं, शेजाऱ्याचे आंबे, बायकोशीं भांडण, कांहीं म्हणजे कांहीं ठेविलें नाहीं; ही एक गोष्ट मात्र हा राज्याचा गुन्हा आहे, चर्चच्या हद्दींत येत नाहीं, ऐशा सबबीवर बेचाळीस वर्षें मागें ठेविली होती. आपण तोंड मिटलें तें आपली जागा राखावयास, आणि त्याचें ओझें एका लहान पोरीनें खिडकींत उभें राहून वाहिलें, हें त्यांस तेव्हां कळलें. ते जिन्याच्या तोंडाशीं गेले आणि खालीं हांक मारिते जाहले, “सरकार! च्या ठेवा आणि वर या. समदी वर या.”

मंडळी कपबशा हातांत घेऊन वर आली. इनासराव मध्यें उभे राहिले आणि म्हणाले, “सरकार, शके एकोणीसशें तीनची संक्रांत. इथंच. दुपारचा कार्यक्रम हुता आणि तुम्ही पाहुण्यांना आणाय स्टँडवर गेला हुता. भाईर मैदानात पोरं पतंग उडवीत हुती. मला जवानीचा माज. म्हटलं, बघू थोरलीचा आवाज मैदानापतूर जातोय का. सगळ्या खुंट्या पार शेवटाला फिरवल्या आणि तार हाणली. स्पीकरचा पडदा टर्रकन फाटला. हाताएवढी चीर. नवा पडदा मुंबईवरनं यायला दोन म्हैने, आणि तुम्ही यायला दोन तास. मी सोपानच्या पाया पडलो. तेवढ्यात गच्चीवर कटलेला एक पतंग येऊन पडला. सोपाननं बघितलं, म्हणाला, ह्यो कागद हलका हाय, आणि कणकेची खळ करून त्या चिरेवर पतंगाचा कागद डकवला. कार्यक्रम झाला. तुम्ही इचारलं, इन्या, पेटीला काय झालं? आवाज बदलला. मी थोरलीवर हात ठेवून म्हटलं, तुझी आण, काय न्हाई. मग तुम्हीच म्हणाला, मग आवाज पिकला म्हणायचा. तवापासनं समद्या मुलखानं ज्याला थोरलीचा आवाज म्हटलं ती तेवढी खरखर, सरकार. पतंगाचा कागद. उन्हाळ्या-पावसाळ्यात सुटायचा, म्हणून दर संक्रांतीला सोपान नवा पतंग घेऊन यायचा, आणि तुम्ही जेवून आडवं झाला की आम्ही दोघं नवा कागद लावायचो आणि तीळगूळ खायचो. तो म्हणायचा लाल कागद गोड बोलतो, मी म्हणायचो जांभळा. सदतीस संक्रांती असं भांडलो. मी त्याला शपथ घातली हुती, कुठं बोलायचं न्हाई, वहीत सुदिक लिवायचं न्हाई. त्यानं पाळली.” मग वैजयंताबाईकडे वळून म्हणाले, “तुझ्या बापाला दुसरं पोर नव्हतं, बाई. ती थोरली हुती. माफ कर मला.”

त्या संक्रांतीच्या संवत्सराचें नांवच दुर्मती होतें, ऐसा बचाव कोणी केला असता; इनासरावांनीं केला नाहीं. वैजयंताबाई भिंतीस टेकून तोंडावर ओढणी धरून रडूं लागली आणि रडतां रडतां हंसूं लागली. मंदाकिनीबाईंनीं तिला जवळ घेतलें. आणि सरकार? बशींत ओतलेला चहा निवून त्यावर साय धरली. मग ते इनासरावांकडे न बघतां बोलिले, “मी मुंबईवाल्यांस्नी सांगत फिरलो, विलायती आवाज, विलायती आवाज! छाती फुगवून. आणि त्यो आमच्या सोपानचा? आणि मी त्याला म्हणत हुतो, बरं हाय, जा आता.” मग काठीवर भार देऊन उभे राहिले. “इन्या, पडदा फाटला त्याचं कायबी न्हाई. माणसाच्या हातनं फाटतं. पर तू तिच्यावर हात ठेवून खोटं बोललास, आणि ज्याचं कौतुक त्याला मिळू दिलं न्हाईस. कायदा मी केला हाय. तुझ्यासाठी मोडला तर बाबालालला मी कुठल्या तोंडानं बोललो हुतो? राज्याच्या मंचावर तुझं पाऊल आता न्हाई.” बाबालाल मध्यें पडले, “सरकार, आवो म्हातारं माणूस, एवढ्यावरनं...” सरकारांनीं हात वर केला. इनासराव म्हणाले, “मान्य हाय.” आणि नवल ऐसें कीं त्या शब्दानिशीं त्यांस श्वास मोकळा लागला.

मंच बंद जाहला, परंतु वैजयंताबाईच्या कामखोलीस कायदा लागूं नव्हता. अवेळीं पतंग कोठून मिळावा? मग इनासरावांनीं बाजारांतून पतंगी कागदाचे ताव आणिले, आणि एक जुना स्पीकर पैदा करून त्यास आपल्या हातांनीं चीर पाडिली, आणि वैजयंताबाईनें कणकेची खळ शिजविली. ती म्हणाली, “काका, कोणता रंग?” ते म्हणाले, “जांभळा घे. तुझा बाप लाल म्हणायचा, त्याचं ऐकू नको.” तिनें दोन्ही लावून बघितले आणि दोहोंचीं मापें घेतलीं आणि हंसत म्हणाली, “यंत्राला काही फरक दिसत नाही.” इनासराव म्हणाले, “यंत्र आंधळं हाय.” पंधरा दिवस तीं दोघें रोज दुपारीं बसत. ती पेन्सिलीनें आंकडे मांडी आणि ते बापाच्या गोष्टी सांगत, सोपान पान कसें जुळवी, खळ गरम असतां फुंकर कशी घाली, आणि एका संक्रांतीस मुंग्यांनीं खळीच्या वासानें थोरलीस रांग लाविली तेव्हां दोघांची कशी त्रेधा उडाली आणि सरकारांस मुंग्या देवीचा कौल वाटून त्यांनीं नारळ फोडिला. बाप गेल्यावर बाप असा थोडा थोडा परत मिळतो हें तिला ठाऊक नव्हतें. अखेर आश्विनांत विटेवर चौथी खुंटी बसली आणि तिच्यांत पतंगाचा कागद उतरला.

फिरून चौकशी भरली. या खेपेस पडदा नाहीं, विटेस साऱ्यांनीं डोळ्यांदेखत बघितलें. इनासराव कायद्याप्रमाणें उंबऱ्याबाहेर जिन्यांत बसले. चौगुल्यांनीं तार छेडिली मात्र, बाबालाल मांडीवर थाप मारून ओरडले, “खोकली! खोकली बगा सरकार!” मंदाकिनीबाईंनीं डोळे मिटून एकदम गावयासच सुरुवात केली आणि साठी उलटलेल्या गळ्यांतून विशीचा सूर निघाला. सरकार उठले, मोठ्या कष्टानें खालीं वांकले आणि विटेवर तळहात ठेवून म्हणाले, “हीच.” येणेंप्रमाणें वारसाचा निवाडा जाहला.

मार्गशीर्षांत शुद्ध पक्षीं, सायंकाळीं, नाट्यगृहांत पन्नासाव्या वर्षाचा जलसा भरला. माणूस इतकें लोटलें कीं पायऱ्यांवर बसावयास जागा नाहीं. पहिला शेला वैजयंताबाईस दिला, आणि सरकारांनीं ध्वनिक्षेपकावरून सांगितलें कीं हा शेला हिचा नव्हे, हिच्या बापाचा, आणि पन्नास वर्षें उशिरा पोंचला म्हणोन देणाऱ्यास लाज वाटते. मग पुढील रांगेंतील मानाच्या खुर्चीवर सरकार बसले. वाजविणें आतां त्यांस होत नसे. इनासराव तिकीट घेऊन आले होते, मागून तिसरी ओळ, लांकडी बांक, शेजारी कोणी अनोळखी कुटुंब शेंगा फोडीत. मखमली पडदा वर गेला, चौगुल्यांनीं विटेवर पाय ठेविला आणि सलामीची धून धरिली.

आणि इनासरावांस काय जाहलें तें काय सांगावें. पंचेचाळीस वर्षें ते थोरलीच्या बाजूस उभे राहिले होते. तिचा आवाज त्यांणीं पाठींत ऐकिला होता, पोटऱ्यांत ऐकिला होता, समोरून कधीं ऐकिलाच नव्हता. लोक बैलगाड्या जुंपून काय ऐकावयास येत होते तें त्यांस आज बांकावर बसून कळलें. तो आवाज सगळ्या डोक्यांवरून मागें येत होता, गोड आणि किंचित फाटलेला, आणि शेजारचें पोरगें शेंग तोंडाशीं धरून तसेंच बसलें होतें. म्हाताऱ्यानें तोंडावर रुमाल धरिला. तों अंधारांत काठीचा ठकठक आवाज आला. सरकार मानाची खुर्ची टाकून ओळीओळीनें चांचपडत मागें येत होते, लोक पाय आंत घेत होते. ते बांकापाशीं थांबले आणि म्हणाले, “सरक जरा.” इनासराव सरकले. सरकार शेजारीं टेकले, बराच वेळ धांप टाकीत राहिले, आणि मग मंचाकडेच बघत हळूच म्हणाले, “जांभळा?” इनासराव म्हणाले, “जांभळा, सरकार.” सरकारांनीं मान हलविली आणि आपला हात त्यांच्या हातावर ठेविला, तो कार्यक्रम सरेपर्यंत काढिला नाहीं.

सारांश इतकाच. राज्य टिकलें. इनासराव मंचावर फिरून चढले नाहींत, परंतु कपाटावरची पिशवी खालीं आली आणि घरीं रोज दुपारीं ते वाजवितात, शेजारी तक्रार करीत नाहींत. वैजयंताबाईच्या विटेस आतां दूरदुरून मागणी येते आणि तशा कितीएक विटा मुलखांत गेल्या आहेत. पहिल्या तीन खुंट्यांवर तिनें जाड, बारीक आणि जोर ऐसें लिहिलें, आणि चौथीवर बापाचें नांव घातलें, दुसरें कांहीं लिहिलें नाहीं. वाजविणारीं मुलें त्यास ओळखत नाहींत. कोणी म्हणतो तें तंत्रातलें नांव असेल, कोणी म्हणतो परदेशी शब्द असेल. परंतु गांवोगांवच्या मांडवांत, तारा जुळवून जाहल्या आणि आवाज कोरडा वाटूं लागला म्हणजे कोणीतरी मंचावरून हमखास ओरडतो, “अरे, सोपान वाढव थोडा, सोपान!” आणि मग आवाजांत जीव येतो.